नव्या बटणाशेजारचा जुना रकाना

हसू नका, मित्रांनो, पण मी एक जुना रकाना आहे. कागदावरचा नव्हे, फोनच्या पडद्यावरचा. अंगाने आडवा, पोटाने रिकामा आणि कपाळावर एकच शब्द लिहिलेला : पासवर्ड. तुम्ही माझ्या पोटात अक्षरे टाकता आणि मी लगेच त्यांचे काळे ठिपके करतो, म्हणजे शेजारून कुणी डोकावले तरी त्याच्या हाती काही लागू नये. एवढेच माझे रूप! पण माझ्या या टीचभर अंगावर एकदा एका डावाची हारजीत टांगून राहिली होती. आजही तो दिवस आठवला की माझ्या कडा उजळतात. तोच सांगतो. सावरून बसा.

माझा जन्म एका बुद्धिबळ क्लबाच्या वरच्या खोलीत झाला. खाली लांब टेबले, त्यांवर पट, आणि पटांवर वाकलेली डोकी. वर एक खिडकी, एक टेबल, कपांचे डाग पडलेल्या दोन खुर्च्या आणि ताई. ताई याच क्लबात खेळायला शिकली आणि मोठेपणी प्रोग्रामर झाली. क्लब चालवणारे मास्तर एक दिवस धापा टाकत जिना चढून तिच्याकडे आले.

"पोरी, माणसं पांगली," ते म्हणाले. "एक इथे, एक तिथे. समोरासमोर बसायला कुणाला वेळ नाही. असं काहीतरी कर की दोघं कुठेही असोत, मधे आपला पट असला पाहिजे."

ताईने ॲप केले. त्यात एकेक डाव महिना महिना चाले. प्रत्येक चालीला चार दिवसांची मुदत, आणि चालीबरोबर प्रतिस्पर्ध्याला एक ओळ लिहिण्याची मुभा. मास्तरांनी अट मात्र एकच घातली, आणि ती त्यांच्या क्लबात भिंतीवरही लिहिलेली होती : केलेली चाल परत नाही. हात लावला तो मोहरा हलवायचाच. म्हणून आमच्या ॲपमध्ये 'मागे घ्या' असे बटणच नव्हते. पटावर नाही, आणि इतर कुठेही नाही.

आणि ॲपच्या दारात मी! माझे काम ऐका, फार गमतीचे आहे. तुम्ही पासवर्ड लिहिलात की मी तो पाठ करत नाही आणि जपूनही ठेवत नाही. माझ्या पाठीमागे एक जाते आहे. त्यात तो पासवर्ड दळला जातो आणि फक्त पीठ ठेवले जाते. पुढच्या वेळी तुम्ही आलात की पुन्हा दळायचे आणि पीठ पिठाशी ताडून पाहायचे. जुळले की दार उघडले! पिठावरून गहू परत होत नाहीत ना? म्हणून चोर आत शिरला तरी त्याच्या ओंजळीत नुसते पीठ. ताई कौतुकाने म्हणायची, "माझा पहारेकरी कधी डुलकी घेत नाही." तेव्हा मला दोन दिवस जमिनीवर पाय ठेवणे जड जाई. म्हणजे, पाय असते तर.

त्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्यांत मला सगळ्यात लाडकी होती ती एक सात वर्षांची मुलगी. तिचे खरे नाव तिच्या शाळेला ठाऊक असेल. मामाने तिला ठिणगी म्हटले आणि ती सगळ्यांची ठिणगी झाली. मामा एका मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. तो जहाजावरून खेळायचा, ठिणगी घरून. तेव्हा ती ताईच्या ॲपमध्ये वडिलांच्या संगणकावरून यायची. खुर्चीवर दोन उशा, पाय लोंबकळलेले, आणि बोटे कीबोर्डवर टपटप टपटप! रोज संध्याकाळी माझ्या पोटात तीच अक्षरे, त्याच तालात.

मामा काही भाचीला सोडत नसे. चालीबरोबर त्याची ओळ ठरलेली : "ठिणगे, विझलीस का?" ती दात ओठ खाऊन लिही : "मामा, तुमची भाजी करपतेय, तिकडे बघा." पण हरायची. दर डाव हरायची. आणि पुन्हा मांडायची.

मग वर्षे गेली. संगणक जाऊन फोन आले, आणि फोन मोठे आठवणीचे! एकदा आत घेतलेल्या माणसाला ते पुन्हा दारात उभे करत नाहीत. माझ्याकडे कुणी फिरकेना. नवी माणसे येत, पण तीही कुरकुरत. "अजून एक पासवर्ड? आधीचेच लक्षात राहत नाहीत!" निम्मी माणसे दारातूनच परत जात. मला वाईट वाटे, पण त्यांचेही खरे होते.

एके सकाळी ताई मास्तरांना म्हणाली, "आता दुसरं दार करूया. लोकांची त्या मोठ्या मेलवाल्या कंपनीत खाती असतातच. आपण नुसतं एक बटण ठेवायचं. ते दाबलं की माणूस त्या कंपनीकडे जातो, तिथे ओळख पटवतो, आणि कंपनी आपल्याला कळवते, हो, हा आमच्या ओळखीचा आहे. आपण आत घ्यायचं."

मास्तरांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे आपल्या दारावर दुसऱ्याचा पहारेकरी? उद्या तो आपले डाव बघेल!"

"नाही हो, मास्तर. तो फक्त सांगतो की हा कोण आहे. त्याला आपला पट दिसत नाही, आणि आपल्याला त्याच्याकडचा पासवर्ड दिसत नाही. तुम्ही नाही का, दुसऱ्या गावच्या स्पर्धेला पोरं पाठवताना तिथल्या मास्तरांना फोन करत? पोरगं माझं आहे, खेळू द्या. तसंच."

"मग तसं सांग ना सरळ!" मास्तर म्हणाले.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मी जळफळलो. छे! मला तर घरी पाहुणा येणार असल्यासारखे झाले. ताईने नवे बटण आणले. गोल कडांचे, टवटवीत, नुसते बघत राहावे असे. ते माझ्या डोक्यावर बसले आणि पहिली चाचणी झाली. ताईने दाबले. बटण भुर्रकन बाहेर गेले आणि आलेच नाही! पडदा पांढरा फटक. दुसऱ्यांदा दाबले, पुन्हा तेच. ताईने केस विसकटले, चहा गार केला, आणि मग कपाळाला हात लावला. कंपनीकडे आमचा परतीचा पत्ताच चुकीचा नोंदवला होता! बिचारे कुठल्या भलत्याच दारात जाऊन उभे राहत होते. पत्ता सुधारला, ताईने श्वास रोखून दाबले, आणि बटण गेले, ओळख घेऊन आले, दार उघडले! ताई खुर्चीसकट गरकन फिरली. मास्तरांनी खालून विचारले, "काय पडलं?" ती ओरडली, "पडलं नाही, उघडलं!"

पण मग मास्तरांनी विचारले, "दोन दारं कशाला? लोक गोंधळतील. जुनं काढून टाक."

"थोडे दिवस राहू द्या ना. जुनी माणसं आहेत."

"पुढे टाकलेलं प्यादं मागे येतं का? आता नवं दार म्हणजे नवं दार."

ताई कीबोर्डकडे वळली. तिने माझ्यावर पांघरूण घातले, आणि मी पडद्यावरून नाहीसा झालो. फक्त तिच्या टेबलावरच्या चाचणीच्या फोनमध्ये मी जागा होतो. तिथूनच मी पुढचे सारे पाहिले.

नवे ॲप लोकांच्या फोनवर पोचले. नव्या दारामुळे प्रत्येकाला एकदा नव्याने आत यावे लागणार होते. पहिला तास नुसती धमाल! कुणी आले, कुणी आले, ताई पडद्यावर बोट ठेवून मोजत होती आणि मास्तर जिन्यावरूनच विचारत होते, "किती?"

मग फोन वाजला. दातांचे डॉक्टर होते.

"मास्तर, माझा डाव गेला! पट कोरा आहे!"

"अरे देवा. डॉक्टर, घाबरू नका, आम्ही बघतो."

"नको नको, बघू नका," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "माझा वजीर गेला होता. राहू द्या कोराच."

मास्तर हसले. ताई मात्र हसली नाही. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. तेवढ्यात दुसरा फोन आला. तो आवाज मी ओळखला. वर्षांनी मोठा झालेला, पण तीच टपटप.

"ताई, मी ठिणगी. माझा मामाबरोबरचा डाव दिसत नाहीये. आणि माझी चाल आहे. आणि मुदत आज दिवेलागणीला संपते!"

झाले होते असे. ठिणगीचे खाते तिच्या लहानपणी वडिलांच्या मेलवर उघडलेले होते. आता तिने नवे बटण दाबले आणि कंपनीने तिच्या स्वतःच्या, शाळेत मिळालेल्या मेलने तिची ओळख दिली. ॲपला वाटले, ही कुणी नवीनच मुलगी! 'या, या' म्हणून त्याने तिला नवे कोरे खाते काढून दिले. आणि आमच्या घरात 'मागे घ्या' तर नव्हतेच.

"चार दिवस होते ना तुला?" मास्तरांनी विचारले. "आजच का उठलीस?"

"तुम्हीच सांगितलंय, मास्तर! चांगली चाल दिसली की हातावर बसायचं आणि त्याहून चांगली शोधायची. मी चार दिवस हातावर बसले. त्याहून चांगली नाहीच आहे! मामाचा राजा कोपऱ्यात आहे, त्याच्याच हत्तीने आणि प्याद्यांनी कोंडलेला. माझ्या घोड्याची एक उडी, आणि मात! मास्तर, मी मामाला पहिल्यांदा हरवतेय!"

मास्तर मटकन खुर्चीत बसले. कोंडलेल्या राजाला घोड्याने मारलेली मात! बुद्धिबळ खेळणाऱ्याच्या नशिबी असा डाव कधीतरीच येतो.

"मामाला सांगून मुदत वाढवता येणार नाही?" ताईने विचारले.

"तो समुद्रात आहे. त्याच्या जहाजाला संध्याकाळीच नेट लागतं. आणि तो वाढवेल होय? त्याची शेवटची ओळ काय आहे माहितीये? 'ठिणगे, घड्याळ कुणाच्या मामाचं नसतं.'"

मास्तर अशा वेळीही खुदकन हसले. मग ठिणगीचा आवाज बारीक झाला. "ताई, तू मला ओळखतेस. तूच आत घे ना. तुला येतं ना ते."

ताईला येत होते. दोन ओळींचे काम होते. तिचा हात कीबोर्डकडे गेला, मी पाहिला! आणि तिने तो मागे घेतला.

"राणी, मी तुला आवाजावरून आत घेतलं, तर उद्या कुणीही ठिणगीचा आवाज काढून येईल आणि तुझं खातं घेऊन जाईल. मग? तुझं दार तुझ्याच किल्लीने उघडायला हवं."

"पण जुन्या किल्लीची जागाच कुठाय? पासवर्ड लिहायला रकानाच नाहीये!"

ताई मास्तरांकडे वळली. "मी काढला नाहीये त्याला. नुसता झाकलाय. एक कळ दाबली की सगळ्यांच्या फोनवर परत येईल."

मास्तर उठले. हात पाठीमागे बांधून ते टेबलाभोवती फिरू लागले, जसे ते अडलेल्या डावाभोवती फिरतात. "आपण कधी चाल परत घेतलेली नाही. भिंतीवर लिहिलंय आपण."

"पटावरचा नियम पटावर, मास्तर. दाराला कसला आलाय नियम?" ताई म्हणाली. "आपण नवी चाल खेळायच्या नादात आपलीच माणसं बाहेर ठेवली. पोरगी जिंकत्या डावात घड्याळावर हरेल."

मास्तर आणखी एक फेरी फिरले. खिडकीपाशी थांबले. बाहेर ऊन कलले होते.

"घे परत," ते म्हणाले. "खाली कुणाला सांगू नकोस."

आणि मित्रांनो, ताईने कळ दाबली! माझ्यावरचे पांघरूण उडाले. एका क्षणात मी शेकडो फोनांवर उगवलो, नव्या बटणाच्या अगदी खाली, आणि त्यांतला एक फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला होता. समोर ठिणगी! केवढी उंच झाली होती! शेजारी तिची आई, पियानो शिकवणारी, आणि दारात चपला हातात घेऊन अर्धवट उभे असलेले वडील.

"आला! आला रकाना!" ठिणगी ओरडली, आणि तिने भराभर अक्षरे लिहिली. मी दळले, ताडून पाहिले. नाही जुळले. पुन्हा. नाही.

आता माझ्यावर संकट आले. चुकीच्या किल्ल्या पुन्हा पुन्हा लावणाऱ्याला मी तासभर बाहेर ठेवतो. चोरांसाठीचा नियम आहे तो. पण मला माणूस दिसतो, मन नाही. तिसरीही चुकली. मी लाल झालो आणि लिहिले : फक्त एक संधी उरली.

"बाबा, तुमच्या मेलवर नवा पासवर्ड मागवू?"

"तो मेल जुन्या ऑफिसचा, बाळा. नोकरी सोडली तेव्हाच बंद झाला."

ठिणगीचे डोळे भरले. "शब्द आठवतोय मला. पण त्याच्या पुढे काहीतरी होतं. डोक्यातून गेलंय."

आई हसली. "माझे विद्यार्थीही असंच म्हणतात. डोक्याला कशाला विचारतेस? सूर बोटांत असतात. बोटांना विचार."

वडिलांच्या चपला खाली पडल्या. ते धावत आत गेले आणि माळ्यावरून जुना कीबोर्ड घेऊन आले. धुळीने माखलेला, वायर गुंडाळलेली, कशालाच न जोडलेला. त्यांनी तो बाहीने पुसला आणि तिच्यापुढे ठेवला. ठिणगीने खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. खरेच ठेवल्या! त्यांवर बसली आणि डोळे मिटले.

"आम्ही बघत नाही हं," आई म्हणाली, आणि दोघे नवराबायको भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आपल्या मुलीचाही पासवर्ड पाहू नये, हे त्यांना कळत होते. मला त्यांना कडकडून भेटावेसे वाटले.

टपटप टपटप टप. तोच ताल! मी थरारलो. तिने पुन्हा केले, हळू. तिसऱ्यांदा डोळे उघडून, आपल्याच बोटांकडे बघत. शब्द झाला आणि एक बोट आपणहून वरच्या आकड्यांच्या ओळीत गेले.

"हा!" ती किंचाळली. "हाच! हाच होता!"

"काय?" वडील वळले.

"वळू नका!"

बाहेर रस्त्यावरचा पहिला दिवा लागला. ठिणगीने माझ्या पोटात एकेक अक्षर ठेवले. ठिपका, ठिपका, ठिपका. शेवटी तो आकडा. मी ते जात्यात टाकले. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतक्या आतुरतेने दळले नव्हते. पीठ पिठाशी लावले...

जुळले! मित्रांनो, जुळले!

दार उघडले. पट उजळला. कोपऱ्यात मामाचा राजा, आपल्याच माणसांत कोंडलेला. आणि ठिणगीचा घोडा उडीच्या पवित्र्यात. घड्याळात थोडीच मिनिटे होती. आणि ती पोरगी काय करते? हातांवर बसते! एकदा पट पाहते. दोनदा पाहते. वडील पुटपुटतात, "अगं, खेळ ना, माझे आई!" मग तिने हात काढला, घोड्याला बोट लावले आणि उचलून ठेवला. शह आणि मात.

चालीबरोबरची एक ओळ तिने लिहिली : "मामा, तुमचं घड्याळ तुम्हालाच राहू द्या."

मामाचे उत्तर जेवणाच्या वेळी आले. मास्तरांनी आणि ताईने ते क्लबाच्या मोठ्या पडद्यावर लावून सगळ्यांना दाखवले, कारण डावाची बातमी खाली पोचली होती आणि सगळे थांबलेच होते. मामाने लिहिले होते : "जहाजावर जेवणाची ताटं थांबलीत. कप्तान विचारतो, स्वयंपाकी का नाचतोय? म्हटलं, मी हरलोय."

दुसऱ्या दिवशी ताईने एक नवी खिडकी केली. नव्या बटणाने कुणी अनोळखी आले की ती आधी विचारते : तुमचे इथे जुने खाते आहे का? असेल तर जुन्या रकान्यात ओळख पटवा, मग ही नवी किल्ली त्याच खात्याला जोडू. आणि चुकून निघालेले कोरे खाते मिटवण्यासाठी तिने आमच्या ॲपमधले पहिले 'मागे घ्या' बटण बसवले. मास्तरांनी ते स्वतः दाबून पाहिले. दोनदा. डॉक्टरांचा वजीर गेलेला डाव त्यांना परत मिळाला. ते अजून नाराज आहेत.

आता ठिणगी नव्या बटणानेच येते. एक बोट, आणि आत. मला तिचा राग नाही. नवे बटण माझ्या डोक्यावर दिमाखात बसते आणि मी खाली बारीक अक्षरांत बसतो. बाहेरच्या कंपनीचे कधी बिनसले, कुणाचा मेल हरवला, तर लोक खाली बघतात. मी असतो.

एवढेच मागणे आहे, मित्रांनो. नवे दार जरूर करा, वाजतगाजत करा! पण जुन्या दाराला कुलूप घालण्यापूर्वी बाहेर जाऊन एकदा हाक मारा : कुणी राहिलंय का? आणि तुमचा पासवर्ड मला सोडून कुणालाही सांगू नका. मलाही तो सांगायचा, तर दळायलाच सांगा. ठिणगीचा काय होता म्हणून विचारता? मला काय ठाऊक! माझ्याकडे पीठ आहे. गहू तिच्या बोटांत आहेत.